दर अठ्ठावीस दिवसांचे इंजेक्शन सांगली-मिरजेतच मिळावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात, तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभारण्याची आणि त्यांपैकी २०० केंद्रे त्याच आर्थिक वर्षात सुरू करण्याची घोषणा केली. या केंद्रांचा विषय निघाला की ‘केमोथेरपी घराजवळ मिळणार’ एवढ्यावरच बोलणे थांबते. ती घराजवळ मिळावी याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु पचनसंस्थेच्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या कितीतरी रुग्णांना वर्षानुवर्षे केमोथेरपी लागतच नाही; त्यांना लागते ते दर चार आठवड्यांनी घ्यायचे एक इंजेक्शन, आणि त्याचा उल्लेख या चर्चेत कोठेही होत नाही. सांगलीत औषधविक्रीच्या व्यवसायात उभे आयुष्य गेलेला माणूस या नात्याने या इंजेक्शनविषयी आणि त्याच्या भोवतीच्या औषधोपचाराविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

जठर, लहान आतडे, अपेंडिक्स, गुदाशय आणि स्वादुपिंड या अवयवांत संप्रेरके तयार करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात आणि या गाठी त्यांच्यापासून होतात. अपेंडिक्समधली किंवा जठरातली लहानशी गाठ वेळीच काढून टाकली की बहुधा प्रश्न मिटतो. त्या रुग्णांविषयी हे पत्र नाही. लहान आतड्यातली गाठ मात्र पुष्कळदा यकृतात पसरेपर्यंत आपले अस्तित्व जाणवू देत नाही. तिच्यातून पाझरणाऱ्या सेरोटोनिन या द्रव्याला एरवी यकृत निष्प्रभ करीत असते. यकृतातच गाठी झाल्या की ते सरळ रक्तात उतरते, आणि मग चेहरा व मान अचानक लाल होऊन तापणे, दिवसातून अनेक वेळा पातळ जुलाब होणे, छातीत घरघर होणे ही लक्षणे सुरू होतात. पुढे काही रुग्णांत हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपाही जाड होतात. असा रुग्ण प्रथम कर्करोगतज्ज्ञाकडे जात नाही, तो आमच्या काउंटरवर येतो. जुलाबासाठी लोपेरामाइड नेतो, आम्लपित्तासाठी पँटोप्राझोल नेतो, कोणी त्याला संग्रहणी सांगितलेली असते, कोणी आयबीएस. आणि रुग्ण पन्नाशीच्या आसपासची स्त्री असेल, तर चेहरा तापण्याचे खापर पाळी जाण्याच्या वयावर फोडून सगळे मोकळे होतात.

२०१८ च्या मार्च महिन्यात अभिनेते इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे जाहीर केले, तेव्हा हे नाव आपल्याकडे प्रथमच घरोघरी पोचले. स्टीव्ह जॉब्ज यांनाही स्वादुपिंडाची याच जातीची गाठ होती. दोघेही गेले, त्यामुळे हे निदान झाले की सारे संपले, अशी समजूत रूढ झाली आहे. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. बायोप्सीच्या अहवालात ‘केआय-६७’ नावाचा एक आकडा असतो, त्यावरून गाठीच्या पेशी किती वेगाने वाढत आहेत ते कळते : ३ टक्क्यांहून कमी असेल तर पहिली श्रेणी, ३ ते २० टक्के असेल तर दुसरी, आणि त्यापुढे तिसरी. त्याशिवाय पेशी सुघटित (मूळ पेशींसारख्या दिसणाऱ्या) आहेत की विघटित (मूळ रूप हरवलेल्या), हेही पाहावे लागते, कारण विघटित पेशींचा न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा हा वेगळाच, वेगाने पसरणारा आजार आहे, आणि त्याला प्लॅटिनमवर्गीय औषध व इटोपोसाइड अशी केमोथेरपीच सुरुवातीपासून द्यावी लागते. सुघटित पेशींच्या, संथ वाढणाऱ्या गाठींचे रुग्ण यकृतात प्रसार होऊनही बरीच वर्षे जगतात, शेती करतात, नोकरी करतात. रुग्णाच्या नातेवाइकांनी फाइल उघडल्यावर सर्वांत आधी हा आकडा आणि हा शब्द शोधावा, असे मी नेहमी सांगतो.

आता इंजेक्शनविषयी. आपल्या शरीरात सोमॅटोस्टॅटिन नावाचे एक संप्रेरक असते आणि इतर अनेक संप्रेरकांना आवर घालणे हे त्याचे काम. त्याचा शोध १९७३ मध्ये अमेरिकेत रॉजर गिलमँ यांच्या प्रयोगशाळेत लागला. गिलमँ यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. परंतु हे संप्रेरक रक्तात मिनिटा-दोन मिनिटांत निम्मे नष्ट होत असल्याने औषध म्हणून त्याचा उपयोग होण्यासारखा नव्हता. त्याच्या रचनेतला आवश्यक तेवढाच भाग ठेवून ऑक्ट्रिओटाइड तयार करण्यात आले, ते सुमारे दीड तास टिकते, आणि अमेरिकेत १९८८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तरीही दिवसातून दोन-तीन वेळा टोचून घेण्याची कटकट होतीच. पुढे हेच औषध, शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके ज्या वर्गातल्या पदार्थापासून बनतात त्या पदार्थाच्या सूक्ष्म गोलकांत भरून, स्नायूत सोडण्याची युक्ती निघाली. गोलक हळूहळू विरघळतात आणि औषध आठवडेच्या आठवडे रक्तात उतरत राहते. हा ऑक्ट्रिओटाइड एलएआरचा प्रकार. मात्रा साधारणपणे २० किंवा ३० मिलिग्रॅम. दुसरे औषध लॅनरिओटाइड, १२० मिलिग्रॅम, जे तयार सिरिंजमध्ये येते आणि त्वचेखाली खोलवर देतात. दोन्ही दर २८ दिवसांनी.

एलएआरचा पुरेसा परिणाम दिसायला दोन आठवडे जातात, म्हणून ज्याला जुलाबाचा फार त्रास आहे अशा रुग्णाला पहिल्या मोठ्या इंजेक्शननंतरही साधारण दोन आठवडे रोजची छोटी इंजेक्शने चालू ठेवावी लागतात. हे रुग्णाला कोणी सांगितलेले नसते. एवढे महागडे इंजेक्शन घेऊन आठ दिवस झाले तरी जुलाब तसेच आहेत, असे म्हणून दुसरे इंजेक्शन टाळणारे लोक मी पाहिले आहेत.

त्याहून मोठा गैरसमज स्कॅनच्या वेळी होतो. सहा महिन्यांनी स्कॅन केला, गाठ होती तेवढीच आहे असा अहवाल आला, की घरातले वडीलधारे म्हणतात, ‘एवढा खर्च केला, गाठ तसूभरही कमी नाही, मग हे औषध कशाला?’ परंतु गाठ आहे तेवढीच राहणे हाच या औषधाचा गुण आहे. गाठ लक्षणीय आटणे यात क्वचितच घडते. पूर्वी हे इंजेक्शन केवळ लक्षणे दाबण्यासाठी दिले जाई. २००९ मध्ये जर्मनीतील प्रोमिड या अभ्यासाने लहान आतड्याच्या पट्ट्यातल्या गाठी असलेल्या ८५ रुग्णांत दाखवून दिले की, ऑक्ट्रिओटाइड एलएआर घेणाऱ्यांचा आजार पुढे सरकायला मध्यमानाने १४.३ महिने लागले, तर औषधाविना दिलेल्या इंजेक्शनच्या गटात ६ महिने. २०१४ च्या क्लॅरिनेट अभ्यासात २०४ रुग्ण होते. दोन वर्षांनंतर आजार न वाढलेल्यांचे प्रमाण लॅनरिओटाइडच्या गटात सुमारे ६५ टक्के आणि दुसऱ्या गटात ३३ टक्के होते. हे आकडे डॉक्टरांना पाठ असतात. घरातल्या आजोबांना ते कोणी समजावून सांगत नाही, आणि औषध बंद करण्याचा निर्णय पुष्कळदा आजोबांचाच असतो.

सांगली-मिरजेतल्या सोयीचा प्रश्न येतो तो येथे. ही इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागतात, पण गोठता कामा नयेत. मुंबईहून किंवा पुण्याहून औषध घेऊन जत, आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा सीमेपलीकडच्या अथणीकडे निघालेला माणूस ते बर्फाच्या पिशवीला थेट चिकटवून आणतो, किंवा एप्रिलच्या उन्हात एसटीच्या खिडकीशी साध्या पिशवीतून आणतो. दोन्ही रीतींत औषधाची हानी होऊ शकते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पुढचा भाग देण्याच्या कौशल्याचा आहे. एलएआरची पूड आणि द्रावण आधी खोलीच्या तापमानाला यावे लागते, त्यासाठी अर्धा ते एक तास थांबावे लागते. द्रावण सोडल्यावर कुपी न हलवता पूड पूर्ण भिजू द्यावी लागते, त्यानंतरच ती एकजीव करायची, आणि मग क्षणभरही न दवडता नितंबाच्या स्नायूत खोलवर द्यायची, दंडात नाही. घाई केली की सुईत गुठळी अडकते. एका रुग्णालयात असे होऊन निम्म्याहून अधिक औषध सिरिंजमध्येच राहिले आणि नातेवाइकांना ते कचऱ्यात जाताना पाहावे लागले. रुग्णालयाचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण परिचारिकेला हे कोणी शिकवलेलेच नव्हते आणि तिच्या बाजूने तिने नेहमीच्या अँटिबायोटिकच्या कुपीसारखीच ही कुपी हाताळली होती. लॅनरिओटाइडचे काम त्यामानाने सोपे. सिरिंज अर्धा तास आधी फ्रिजमधून काढायची आणि दाट औषध सावकाश, दट्ट्यावरचा दाब न सोडता द्यायचे. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाच्या घरच्या माणसाला शिकवून ते घरीही देता येते, आणि परदेशांत तसे दिलेही जाते.

म्हणजे या इंजेक्शनला अतिदक्षता विभाग लागत नाही, मोठा शल्यविशारद लागत नाही. लागते ते तापमानाची नोंद ठेवणारे फ्रिज, प्रशिक्षण घेतलेल्या दोन परिचारिका आणि तारखांची वही. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, सांगलीला त्याच महाविद्यालयाशी जोडलेले सिव्हिल आहे, आणि मिरजेत तर मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांच्या काळापासून दूरदूरचे रुग्ण रेल्वेने उतरत आले आहेत. अशा गावातल्या रुग्णाने केवळ एका इंजेक्शनसाठी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठावी, हे मला पटत नाही. तज्ज्ञांची भेट, स्कॅन, उपचार बदलण्याचा निर्णय यांसाठी मुंबई-पुणे आवश्यकच आहे. त्या दोन भेटींमधली इंजेक्शने येथे व्हावीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

तारखांच्या वहीबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. दर २८ दिवसांनी म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा इंजेक्शने. ‘महिन्याला एक’ असा हिशेब धरून मंजुरी घेतली की वर्षाअखेरीस एक इंजेक्शन कमी पडते, आणि रुग्णाला वाटते की आपलाच काही हिशेब चुकला.

इंजेक्शनचे दुष्परिणाम सहसा सोसण्यासारखे असतात, पण ते ओळखता आले पाहिजेत. पित्ताशयात खडे होऊ शकतात, म्हणून अधूनमधून सोनोग्राफी करतात. रक्तातली साखर वर किंवा खाली जाऊ शकते, तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णाने साखर मोजत राहावे. स्वादुपिंडाचे पाचक रस कमी झाल्यामुळे शौच तेलकट, फिकट, पाण्यावर तरंगणारे होते. या जुलाबाचे कारण सेरोटोनिन नसते, त्यामुळे इंजेक्शनची मात्रा वाढवून तो थांबत नाही. त्याला पँक्रिएटिनच्या कॅप्सूल लागतात आणि त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात, जेवण झाल्यावर तासाभराने नव्हे. हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. ज्या घरांत याचा आक्षेप असेल त्यांना डॉक्टरांनी ते आधीच स्पष्ट सांगून त्यांच्याशी बोलावे, कारण नंतर डबीवर वाचून गुपचूप औषध बंद केले जाते. आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याच्या पूर्वभागासाठी : गाठ सेरोटोनिन बनवण्यासाठी शरीरातले ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल वापरून टाकते आणि त्यामुळे नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते. तिच्यातून पेलाग्रा नावाचा आजार होतो, जो एकेकाळी दख्खनच्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब वस्त्यांत डॉक्टरांना परिचित होता. भाकरी सोडण्याचे काहीही कारण नाही. पण उन्हात उघडा राहणारा त्वचेचा भाग काळा पडून सोलवटू लागला, तर केवळ मलम न लावता डॉक्टरांना दाखवावे.

तपासण्यांच्या बाबतीत आम्हा औषधविक्रेत्यांचा संबंध अधिक जवळचा आहे. रक्तातील क्रोमोग्रॅनिन ए (या गाठींतून सुटणारे एक प्रथिन) ही तपासणी या आजारात वारंवार सांगितली जाते, आणि पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेणाऱ्या निरोगी माणसातही तिचा आकडा वाढलेला येतो. चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षे ‘ॲसिडिटीची गोळी’ खाणारे लोक आपल्याकडे किती आहेत हे वाचकांना सांगायला नको. ती गोळी डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी थांबवावी लागते; स्वतःच्या मनाने नव्हे, कारण जठरात बेसुमार आम्ल तयार करवणाऱ्या गॅस्ट्रिनोमा या प्रकारच्या गाठीत हीच गोळी मोठ्या मात्रेत जीव वाचवणारी असते. लघवीतील ५-एचआयएए (सेरोटोनिनपासून बनणारे द्रव्य) या चोवीस तासांच्या तपासणीआधी केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड आणि वांगी वर्ज्य करायला सांगतात. कृष्णाकाठच्या वांग्यांवर वाढलेल्या माणसाला दोन-तीन दिवस वांगे न खाण्याचे पथ्य पाळणे जड जाते खरे, पण न पाळल्यास अहवालाचा अर्थ लागत नाही.

इंजेक्शन असूनही आजार पुढे सरकू लागला, तर पुढची औषधे आहेत. स्वादुपिंडाच्या गाठींसाठी एव्हरोलिमस आणि सुनिटिनिब या गोळ्यांचे मोठे अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. दोहोंत आजार थोपवून धरण्याचा काळ साधारण पाच महिन्यांवरून अकरा महिन्यांच्या आसपास गेला. पुढे आतड्याच्या आणि फुप्फुसाच्या गाठींतही एव्हरोलिमसचा उपयोग सिद्ध झाला. कॅबोझँटिनिबला अमेरिकेत २०२५ च्या मार्चमध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. एव्हरोलिमसने तोंड येते, साखर वाढते आणि क्वचित फुप्फुसाला सूज येते, म्हणून कोरडा खोकला आणि धाप या तक्रारी हसण्यावारी नेऊ नयेत. माझ्या व्यवसायबंधूंना येथे एक विनंती आहे : गजकर्णासाठी इट्राकोनाझोलची कॅप्सूल आपल्याकडे सर्रास हातावर ठेवली जाते, आणि ती एव्हरोलिमसची रक्तातील पातळी धोकादायक रीतीने वाढवते. स्वादुपिंडाच्या गाठींसाठी कॅपेसिटाबिन आणि टेमोझोलोमाइड या गोळ्यांची जोडीही वापरतात. ती तोंडाने घ्यायची केमोथेरपीच आहे, आणि तिच्यात पहिली गोळी चौदा दिवस व दुसरी फक्त दहाव्या ते चौदाव्या दिवसांत, असा क्रम असल्याने पाकिटावर तारखा लिहून दिल्याशिवाय गोळ्या देऊच नयेत.

ल्युटेशियम-१७७ च्या उपचाराविषयी मात्र थोडे थांबून लिहायला हवे, कारण त्यात आपल्या राज्याचा वाटा मोठा आहे. पेशींवरच्या ज्या ग्राहींना (संप्रेरक चिकटण्याच्या जागांना) ऑक्ट्रिओटाइड चिकटते, त्यांनाच चिकटणाऱ्या रेणूला हे किरणोत्सारी द्रव्य जोडून शिरेतून देतात, आणि ते गाठीपर्यंत जाऊन जवळून किरणांचा मारा करते. गाठीवर असे ग्राही आहेत की नाहीत हे गॅलियम-६८ च्या पेट स्कॅनमध्ये आधीच दिसते. ज्यांच्या गाठी तेथे उजळत नाहीत त्यांना हा उपचार लागू नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेटर-१ या अभ्यासात २२९ रुग्ण होते. वीस महिन्यांनंतर आजार न वाढलेल्यांचे प्रमाण या उपचाराच्या गटात सुमारे ६५ टक्के, तर ऑक्ट्रिओटाइडची दुप्पट मात्रा घेणाऱ्या गटात सुमारे ११ टक्के होते. हे ल्युटेशियम भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टीत तयार होते, आणि परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये असे उपचार गेली अनेक वर्षे होत आहेत. साधारण आठ आठवड्यांच्या अंतराने चार मात्रा, हा त्याचा प्रचलित क्रम. प्रत्येक मात्रेआधी सुमारे चार आठवडे एलएआरचे इंजेक्शन दिलेले नसावे लागते. म्हणजे सांगलीतल्या वहीतली तारीख आणि मुंबईतली तारीख जुळली नाही, तर ल्युटेशियमची ठरलेली मात्रा हुकते. दोन गावांमधला हा मेळ सध्या रुग्णाचा मुलगा किंवा सून मोबाइलवरून घालत असते.

म्हणूनच इंजेक्शनबरोबर रुग्णाजवळ एक छोटी पुस्तिका असावी : गाठीची श्रेणी, इंजेक्शनचे नाव, मात्रा, बाजू, दिलेली तारीख, पुढची तारीख, चालू असलेली इतर औषधे. तिच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेले असावे की, कोणतीही शस्त्रक्रिया करण्याआधी भूलतज्ज्ञांना हा आजार सांगावा, कारण सेरोटोनिन सोडणाऱ्या गाठींच्या रुग्णांत भूल देताना रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो आणि तेव्हा ऑक्ट्रिओटाइड हाताशी असावे लागते.

राहिला पैशांचा प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे आणि राज्यातील सर्वांसाठी आहे. तिच्यात यांपैकी कोणते इंजेक्शन, कोणत्या मात्रेत आणि कोणत्या रुग्णालयात बसते, हे आरोग्यमित्राने (रुग्णालयातील योजनेच्या मदतनीसाने) पहिल्याच भेटीत लेखी द्यावे, आणि मंजुरी तेरा इंजेक्शनांची असावी. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणारे नॅशनल कॅन्सर ग्रिड कर्करोगाच्या औषधांची सामूहिक खरेदी करते. आपल्या शासकीय महाविद्यालयाने त्या मार्गाने ही इंजेक्शने आणता येतील का, याची विचारणा करावी. ऑक्ट्रिओटाइड भारतीय कंपन्याही बनवतात, त्यामुळे किमतीवर बोलणी करायला वाव आहे.

जिल्ह्यातील डे-केअर केंद्राची रचना ठरवताना अधिष्ठाता आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांनी आठवड्यातला एक वार या इंजेक्शनसाठी राखून ठेवावा, आणि तो जत व आटपाडीहून सकाळच्या एसटीने निघालेला माणूस संध्याकाळच्या आत घरी परत पोचेल अशा वेळेत असावा, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत त्यांच्यापर्यंत पोचावी.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ औषधविक्रेता,
विश्रामबाग, सांगली